घागर आपली, निर्णय कुणाचा?

'आलं काय गं पाणी?'

पहाटे साडेचारला आमच्या गल्लीतली पहिली हाक ही असते. देवाचं नाव त्यानंतर. रात्रपाळीच्या मागांचा खडखडाट चालूच असतो, पण त्या आवाजातही नळाची फुसफुस घरातल्या बाईला बरोबर ऐकू येते. शेजारी झोपलेल्या नवऱ्याला ती ऐकू येत नाही. त्याच्या कानाला ते वळणच नाही!

आमचं कबनूर इचलकरंजीला इतकं चिकटलेलं, की शहर कुठं संपलं आणि गाव कुठं सुरू झालं हे नव्या माणसाला कळत नाही. मराठवाड्यातली माझी एक मैत्रीण म्हणते, 'तुम्हा कोल्हापूरकरांना कसली गं पाण्याची ददात?' तिचंही खरं आहे. भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी मिळून झालेली पंचगंगा आमच्या जवळून वाहते. शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण बांधायला घेतलं, त्या पुण्याईवर हा जिल्हा हिरवा आहे. मग आमच्याकडे पाच-दहा रुपयांचं नाणं टाकून पाणी देणाऱ्या यंत्रापुढे बायकांची रांग का? लग्नाला, बारशाला वीस लिटरचे जार का?

कारण पाणी असणं वेगळं आणि पिण्याजोगं पाणी घरात असणं वेगळं.

२०१९ चा ऑगस्ट आठवा. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. कोल्हापुरात उपसा केंद्रंच पुरात बुडाली. चहूकडे पाणी आणि नळ कोरडे! पुरानं वेढलेल्या शहरात टँकरमागे बायका धावत होत्या. २००५ च्या पुरानंतर चौदा वर्षांनी तो महापूर आला होता. पुढचा मात्र दोनच वर्षांत, २०२१ मध्ये दारात उभा राहिला. हवामान बदलतंय म्हणजे काय, हे आम्हाला कुणी फळ्यावर लिहून शिकवायला नको. पूर्वी चार महिने पडणारा पाऊस आता चार दिवसांत कोसळतो आणि मग तोंड फिरवतो.

उन्हाळ्यात उलटा खेळ. नदीचा प्रवाह थांबला की वरच्या शहरांचं आणि गावांचं सांडपाणी, कारखान्यांची आणि प्रोसेसची रसायनं, सारं बंधाऱ्यांत साचतं. आमच्याकडचा काळा ओढा तर नावातच सगळं सांगतो. नदीवर जलपर्णी पसरते, तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडतो. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली. हजारो माणसं आजारी पडली, काहींचे जीव गेले. दूषित पाण्यातून येणारी 'ई' प्रकारची कावीळ गर्भार बाईच्या जिवावर सगळ्यात जास्त उठते, हे किती जणींना ठाऊक आहे?

यावर आपण उपाय काय शोधतो? दुसरी नदी! कोल्हापूर शहरानं पन्नासेक किलोमीटरवरच्या काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईन आणली, २०२३ च्या दिवाळीत ते पाणी शहरात पोचलं. इचलकरंजीनं कृष्णेचं पाणी आणलं, मग वारणेचं मागितलं, मग दूधगंगेवरच्या सुळकूडचं. दोन्ही वेळा नदीकाठच्या गावांनी विरोध केला. शहरातल्या बाईला पाणी हवं, हे खरं. काठावरच्या गावातल्या बाईला आपलं पाणी जाईल ही धास्ती, तीही खरी. दोघी मोर्चात समोरासमोर, आणि दारातली नदी मात्र गटार! मोठ्या शहरांनी एकदा पंचगंगेकडे पाठ फिरवली, की तिची काळजी कोण करणार? ती उरेल खालच्या गावांच्या माथी.

आता मुद्द्यावर येते. या निर्णयांत आपण कुठं आहोत?

कागदावर आहोत, भरपूर आहोत. गावच्या पाणीपुरवठा समितीत निम्म्या बायका हव्यात, असा नियम आहे. ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते. जलजीवन मिशनमध्ये तर गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं शिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. पण शेजारच्या एका गावात समितीवर असलेल्या आक्का मला म्हणाल्या, 'सही करा म्हणाले, केली. कशावर केली ते काय माहीत न्हाई बघा ताई.'

'बायकांना त्यातलं काय कळतंय?' असं विचारणारे भेटतात. मी त्यांना म्हणते, पाण्याला आज वास येतोय हे पहिल्यांदा कुणाला कळतं? नळ किती मिनिटं आला, पोराला जुलाब कधीपासून सुरू झाले, हा हिशेब कुणाच्या डोक्यात असतो?

तपासणीही काही रॉकेट उडवण्याइतकी अवघड नाही. नळाच्या पाण्यात ओटीचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर टीसीएल पडलेली नाही. दुसरी एक छोटी बाटली असते. तिच्यात पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसांत काळं पडलं तर ते पिऊ नये. गावाच्या पाण्याची पाहणी होऊन हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. आपल्या गावाला कुठलं मिळालं, हे आपण कधी विचारलंय?

बायकांनी बाटल्या तपासल्या म्हणून पंचगंगा शुद्ध होणार नाही, हे मलाही कळतं. त्यासाठी सांडपाणी प्रक्रिया केंद्रं बांधावी लागतील, बांधलेली चालवावी लागतील, आणि नियम मोडणाऱ्याला दंड करावा लागेल. पण ज्या गावात दर आठवड्याचा निकाल चावडीच्या फळ्यावर बाईच्या अक्षरात लिहिलेला असेल, तिथं 'पाणी चांगलंच आहे' असं म्हणून कुणाला सुटता येणार नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या महिला ग्रामसभेला हळदी-कुंकवासारखं नुसतं जाऊन येऊ नका. तीन प्रश्न घेऊन जा. समितीत कोण आहे? तपासणी कधी झाली? पूर आला तर प्यायचं पाणी कुठून येणार? उत्तर मिळेपर्यंत उठू नका. आणि सही करायच्या आधी कागद वाचा.

पहाटे साडेचारला आपण उठतोच की. एक दुपार बसायला काय हरकत आहे?