पीएम किसानचा हप्ता सोडायचाय? ‘सोडणं’ वेगळं, ‘परत करणं’ वेगळं!

पीएम किसानच्या पोर्टलवर लाभ स्वेच्छेने सोडण्याचा पर्याय आहे. नोंदणी क्रमांक टाका, ओटीपी द्या, होकार भरा, की पुढचे हप्ते बंद. काम दोन मिनिटांचं. पण हे कोणी करायचं, यात मोठी गल्लत होते.

आधी नियम बघू. घरात आयकर भरणारं कोणी असेल, सरकारी नोकरी असेल (गट ‘ड’ सोडून), महिन्याला १० हजार किंवा जास्त पेन्शन असेल, किंवा कोणी डॉक्टर, वकील, इंजिनिअर म्हणून व्यवसाय करत असेल, तर ते कुटुंब मुळातच अपात्र आहे. इथं कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं. म्हणजे बायको शिक्षिका असेल तर नवऱ्याच्या नावावरचा हप्ताही बसत नाही. पण वेगळा सातबारा असलेल्या बापाचा हप्ता, सज्ञान पोरगा नोकरीला लागला एवढ्यावरून जात नाही.

अशा अपात्र माणसाने लाभ ‘सोडला’ तर तो त्याग नव्हे. जे आपलं नव्हतंच, ते सोडण्यात कसला मोठेपणा? शिवाय सोडल्याने फक्त पुढचे हप्ते थांबतात, आधी घेतलेले माफ होत नाहीत. ते परत भरण्यासाठी पोर्टलवर वेगळी सोय आहे. आयकर भरणाऱ्या लाभार्थ्यांना तहसील कार्यालयांनी वसुलीच्या नोटिसा काढल्या होत्या, हे विसरू नका.

आता पात्र पण सुखवस्तू शेतकरी. बागायत आहे, धंदा बरा आहे, वर्षाच्या ६ हजारांवाचून काही अडत नाही. त्यांनी सोडलं तर चांगलंच. पण सोडलेला पैसा जातो कुठं? २०१५ मध्ये गॅसची सबसिडी सोडायला सांगितलं, तेव्हा ‘तुमच्या सबसिडीतून गरिबाच्या घरी गॅस जाईल’ असं सांगितलं गेलं. पीएम किसानमध्ये तशी साखळी नाही. योजना जमीन नावावर असणाऱ्यासाठी आहे. पुण्यात राहणाऱ्या मालकाने हप्ता सोडला, तरी त्याचं रान वाट्याने कसणाऱ्याला एक रुपया मिळत नाही. भूमिहीन मजूर तर यादीतच नाही. त्यामुळे खरा प्रश्न कोण किती सोडतो हा नाही, कसणाऱ्याच्या हातात काय पडतं हा आहे.

दोन-तीन एकरवाल्यांनी मात्र भिडेपोटी किंवा कोणी सांगितलं म्हणून हे बटण दाबू नये. राज्याच्या ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’ची यादी पीएम किसानवरूनच ठरते. म्हणजे केंद्राचे ६ हजार सोडले की राज्याच्या पैशावरही पाणी. आणि हप्ता अडकला असेल तर त्यावर उपाय ई-केवायसी, बँक खात्याला आधार जोडणं आणि जमिनीची नोंद तपासणं हा आहे, लाभ सोडणं नव्हे. ऑनलाइन सेंटरवर गेलात तर ओटीपी सांगण्याआधी तो कशासाठी आलाय, हे विचारा.

गावाची लाभार्थी यादी पोर्टलवर कुणालाही बघता येते. ती एकदा ग्रामसभेत वाचा. गरिबाला त्यागाचा उपदेश करण्याआधी यादीतले पगारदार आणि पेन्शनवाले बाहेर निघाले, तरी बरंच काम होईल.