प्रकाश पोहोचेल, रोगी पोहोचेल काय?

अर्बुदाची सीमा नेमकी कोठे संपते, हा शल्यविशारदापुढील फार जुना प्रश्न आहे. मेंदूतील अर्बुदाच्या बाबतीत तर तो जीवघेणा ठरतो. थोडे मागे राहिले तर रोग उलटतो; थोडे अधिक कापले तर वाचा किंवा हालचाल जाते. या पेचातून प्रकाशसंवेदी द्रव्यांनी एक वाट दाखविली आहे. शस्त्रक्रियेपूर्वी काही तास रोग्यास अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल पाजले की अर्बुदाच्या पेशींत पॉर्फिरीन साचते आणि निळ्या प्रकाशात ते लाल चमकू लागते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत या पद्धतीने ६५ टक्के रोग्यांचे दिसणारे अर्बुद संपूर्ण काढता आले. नेहमीच्या शस्त्रक्रियेत हे प्रमाण ३६ टक्के होते. एकंदर आयुर्मानात मात्र लक्षणीय फरक पडला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

असेच द्रव्य मारकही ठरते. रंगद्रव्य आणि प्रकाश यांच्या संयोगाने सूक्ष्मजीव मरतात, हे म्युनिचच्या ऑस्कर राब या विद्यार्थ्याने १९०० सालीच नोंदविले होते. प्रकाश पडताच द्रव्य प्राणवायूला उग्र रूप देते आणि पेशी नष्ट होते. अमेरिकेत बफेलो येथील थॉमस डोहर्टी यांनी १९७० नंतरच्या दशकात या तत्त्वाला कर्करोगावरील उपचाराचे रूप दिले.

तथापि, लाल प्रकाशही ऊतीत जेमतेम सेंटिमीटरभर शिरतो. म्हणजेच हे शस्त्र उथळ व कोवळ्या अर्बुदावरच चालते. तोंडाचा कर्करोग हे त्याचे स्वाभाविक क्षेत्र होय, आणि तंबाखूने पोखरलेल्या आपल्या देशात त्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. अलीगढ येथे बॅटरीवर चालणाऱ्या स्वस्त प्रकाशयंत्राने आरंभीच्या मुखकर्करोगावर उपचार करून पाहण्यात आले, ही आश्वासक घटना आहे. यंत्राच्या किमतीची अडचण दूर होऊ शकते, हे तिने दाखविले.

अडचण आहे ती वेळेची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ३० ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी मुखकर्करोगासाठी तोंडाची तपासणी झालेल्यांचे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होते; पुरुषांचे त्याहून फारसे अधिक नव्हते. रोगी गाठ वाढल्यावर, तोंड उघडेनासे झाल्यावर रुग्णालयाची पायरी चढत असेल, तर सेंटिमीटरभर जाणारा प्रकाश त्याला काय वाचविणार?

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. परंतु केवळ बंदीने रोग लवकर सापडत नाही. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात तंबाखू खाणाऱ्या प्रत्येकाचे तोंड तपासले गेले पाहिजे. हे काम साध्या विजेरीने व प्रशिक्षित डोळ्यांनी होण्याजोगे आहे. शासनाने नव्या यंत्राची खरेदी अवश्य करावी. पण त्याआधी ही विजेरी गावोगाव पेटवावी.