हार घालायला या, अर्जही घेऊन या

साताऱ्यात राजवाडा म्हटले की आधी चौपाटी आठवते. गांधी मैदान, गोलबाग, संध्याकाळची गर्दी, हातात भेळ. त्या गर्दीत उभे राहून मागच्या वाड्याकडे नीट पाहणारे मात्र थोडेच.

छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी हा वाडा १८२४ मध्ये बांधला. शहराला महादऱ्याच्या तळ्याचे पाणी आणणारा, शिक्षणाची आच असलेला हा राजा. १८३९ मध्ये इंग्रजांनी त्यांना गादीवरून काढून काशीला पाठवले आणि १८४७ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. पुढच्याच वर्षी राज्य खालसा झाले. १८५१ मध्ये साताऱ्यात सरकारी इंग्रजी शाळा निघाली आणि पुढे ती या वाड्यात नांदली. दरबाराच्या वास्तूत बाके आली. १९५१ मध्ये, शंभराव्या वर्षी, शाळेला प्रतापसिंह महाराजांचेच नाव मिळाले. हद्दपार झालेला राजा शाळेच्या पाटीवरून घरी परतला, असे मला नेहमी वाटते.

मधल्या काळात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, इथल्या रजिस्टरात १९१४ क्रमांकावर एक नाव चढले: भिवा रामजी आंबेडकर. त्या मुलाला वर्गात इतरांबरोबर बसता येत नसे. घरून आणलेले गोणपाट कोपऱ्यात अंथरायचे आणि शाळा सुटली की गुंडाळून परत न्यायचे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. ही आठवण बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. म्हणून या शाळेचा अभिमान सांगताना मान थोडी खालीच असावी. २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी भाषणे होतात, हार पडतात. आणि ८ तारखेला वाड्याकडे कोण पाहतो?

लाकडी वाडा एका दिवसात पडत नाही. एक कौल सरकते, पावसाळाभर पाणी झिरपते. तुळईचे जे टोक भिंतीत असते, तेच आतून कुजते, आणि बाहेरून रंग ठीक दिसत असल्याने कोणी हात लावत नाही. मग सिमेंटचा गिलावा चढतो. जुन्या भिंतीतली ओल आत कोंडते आणि उरलेले लाकूड वाळवीच्या स्वाधीन होते. दुरुस्ती करायची तर चुन्याने, लाकडाने, आणि ते काम जाणणाऱ्या हातांनी. शाळा चालवणाऱ्या जिल्हा परिषदेकडे हीच मागणी करूया: आधी जाणकारांकडून तुळईन् तुळई तपासून घ्या, निविदा त्यानंतर काढा.

पण नुसती इमारत वाचवून भागणार नाही. राजकोटचे आल्फ्रेड हायस्कूल पाहा. गांधीजी तिथूनच मॅट्रिक झाले. २०१७ मध्ये ती शाळा बंद झाली आणि दुसऱ्या वर्षी तिथे संग्रहालय उघडले. वास्तू देखणी झाली, प्रवेशासाठी तिकीट आले, घंटा मात्र थांबली. साताऱ्यात तसे नको. रजिस्टर काचेखाली जपा, त्याची उत्तम प्रत काढून मुलांना दाखवा. पण त्याच आवारात तास भरू द्या, डबे उघडू द्या, कोणाचे तरी गणित चुकू द्या.

आता थोडे आपल्याबद्दल. या वाड्यापुढे आपण नमस्कार करतो आणि आपली मुले मात्र इंग्रजी माध्यमाच्या बसमध्ये बसवतो. सरकारी शाळेचा पट घसरला की ती बंद करायला कारण आयते मिळते, आणि ते आपणच पुरवत असतो. माजी विद्यार्थ्यांनो, स्नेहमेळाव्याच्या जेवणावळीतला थोडा खर्च प्रयोगशाळेकडे वळवा. निवृत्त शिक्षकांनो, आठवड्याचे दोन तास द्या. सुतारकाम, गवंडीकाम जाणणाऱ्यांनो, वाडा पाहून खरे काय ते लेखी सांगा.

येत्या ७ नोव्हेंबरला हार घेऊन याल, तेव्हा खिशात जिल्हा परिषदेच्या नावे दुरुस्तीच्या मागणीचा एक सहीचा अर्ज असू द्या. आणि जूनमध्ये पाचवीच्या प्रवेशाला शेजारच्या एका तरी मुलाला बरोबर घेऊन या.