दूरध्वनीवरील अटक आणि घरातली बँक

'डिजिटल अटक' या नावाने देशभर चाललेल्या लुटीचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाने करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १ डिसेंबर २०२५ रोजी दिला. त्याला निमित्त झाली हरियाणातील अंबाला येथील एका वृद्ध दांपत्याची तक्रार. न्यायालयाच्याच नावाचे बनावट आदेश दाखवून त्यांच्याकडून एक कोटीहून अधिक रुपये उकळण्यात आले होते. खोट्या शिक्क्याचा उपयोग खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या नावावर होऊ लागला, तेव्हा हा प्रश्न स्थानिक पोलिसांच्या आवाक्याबाहेर गेला आहे, हे मान्य करणे भागच होते.

या लुटीची रीत आता बहुतेकांना ऐकून माहीत आहे. दूरध्वनी येतो, तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, किंवा तुमच्या आधार क्रमांकावर काढलेल्या खात्यातून काळा पैसा फिरला, असे सांगितले जाते. मग चित्रफोनवर खाकी वेशातला अधिकारी अवतरतो, पाठीमागे पोलीस ठाण्याचा देखावा असतो, आणि घरातल्या माणसाला घरातच, कॅमेऱ्यासमोर, तासन्‌तास, क्वचित दिवसेंदिवस बसवून ठेवले जाते. कोणाशी बोलायचे नाही, मुलांनाही सांगायचे नाही. 'चौकशी' पुरी होईपर्यंत सर्व रक्कम एका 'सरकारी' खात्यात ठेवा, ती तपासून परत मिळेल, असे आश्वासन मिळते. ठेवी मोडल्या जातात आणि पैसे जातात.

अशा बातम्या वाचून 'शिकलेली माणसेही कशी फसतात?' असा प्रश्न विचारण्याची आपल्याकडे प्रथा आहे. प्रश्नच उलटा आहे. या सापळ्यात सापडणाऱ्यांत निवृत्त शिक्षक, अधिकारी, डॉक्टर, बँकेत उमेदवारी केलेली माणसे आहेत, याचे कारण त्यांच्या शिक्षणातच आहे. ज्याने तीस वर्षे जावक क्रमांक, संदर्भ क्रमांक आणि सहीशिक्का पाहून कागदाची किंमत ठरवली, त्याच्यासमोर नेमका तसाच कागद ठेवला, तर तो घाबरणारच. निरक्षर माणसाला मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याचे कलम वाचून दाखवून भीती घालता येत नाही. शिवाय सरकारी यंत्रणा कारण न सांगता बोलावते, तासन्‌तास बसवते आणि उलट विचारू देत नाही, हा नागरिकाचा जन्मभराचा अनुभव असतो. लुटारूंनी नवे काहीच शोधलेले नाही. आपल्या कचेऱ्यांच्या वागणुकीची त्यांनी हुबेहूब नक्कल केली, एवढेच.

त्यातच कायद्याचे खरे स्वरूपही सामान्य माणसाला कोणी समजावून दिलेले नाही. न्यायालयांची कामे करोनाच्या साथीपासून दूरदृश्य पद्धतीने चालू लागली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावण्याची तरतूद आली. मग 'ऑनलाइन अटक' का असू नये, असे एखाद्याला वाटले तर त्याला मूर्ख म्हणता येईल काय? प्रत्यक्षात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावले की, चौकशीस हजर राहण्याची कलम ३५ खालील नोटीस व्हॉट्‌सॲपवरून पाठवून चालणार नाही. घरोघर पोहोचायला हवी होती ती ही एक ओळ. पोहोचला तो मोघम उपदेश. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये डिजिटल अटक कायद्यात नाही, असे स्पष्ट सांगितले, हे योग्यच झाले. त्यानंतर कोणालाही फोन लावला की आधी सावधगिरीची ध्वनिफीत ऐकावी लागे. लोक इतके वैतागले की जून २०२५ मध्ये ती थांबवावी लागली. तातडीने डॉक्टरांना फोन लावणाऱ्यालाही आधी उपदेश ऐकवणारी ही जागृती कोणाच्या डोक्यातून निघाली होती, कोण जाणे.

उपदेशाचा परिणाम आकड्यांत पाहावा. केंद्र सरकारनेच लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत नागरिकांचे २०२३ मध्ये सुमारे ७,४६५ कोटी रुपये गेले. २०२४ मध्ये तोच आकडा २२,८४५ कोटींवर गेला. एका वर्षात तिप्पट! लोक एका वर्षात तिपटीने बेसावध झाले, असे मानण्यास काही आधार नाही. वाढला तो पैशाचा वेग. युनिफाइड पेमेंट्स इंटरफेस, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले यूपीआय, एप्रिल २०१६ मध्ये जाहीर झाले. त्याच वर्षीच्या नोटाबंदीने त्याला घरोघर नेले, आणि ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात त्यावरून दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. चहावाल्यापासून शाळेच्या शुल्कापर्यंत सर्व काही त्यावर चालते. ही सोय मोठी आहे, तिच्याविषयी नाक मुरडण्याचे कारण नाही. तथापि बँकेची खिडकी खिशात आली, तेव्हा खिडकीमागचा कारकून मात्र आला नाही. एका वृद्धाने अचानक सगळ्या मुदत ठेवी मोडायला काढल्या, तर पूर्वी तो कारकून चष्म्यावरून पाहून 'काका, घरी काही अडचण आहे का?' असे विचारी. काही शाखांतील जागरूक कर्मचाऱ्यांनी असे विचारूनच वृद्धांचे पैसे वाचवल्याच्या बातम्या अलीकडेही आल्या आहेत. मोबाइलवर मात्र ठेव दोन मिनिटांत मोडते आणि रक्कम तिसऱ्या मिनिटाला परप्रांतातील खात्यात जाते.

तेव्हा घरातल्या बँकेचा कारकून घरातल्यांनाच व्हावे लागते. त्यासाठी संगणकशास्त्राची गरज नाही. थोड्या गोष्टींचा अर्थ नीट कळला पाहिजे. ओटीपी म्हणून येणारा क्रमांक ही खातेदाराची सही आहे. कोरा धनादेश सही करून अनोळखी माणसाला कोणी देत नाही; मग बँकेचा माणूस म्हणवणाऱ्याला हा क्रमांक तोंडी सांगणे हे त्याहून वेगळे नाही. यूपीआयचा पिन तर केवळ पैसे देण्यासाठी असतो. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, चौकटींचे चित्रही स्कॅन करावे लागत नाही. जो कोणी 'पैसे पाठवतो, पिन टाका' म्हणतो, तो पैसे नेण्यासाठीच आलेला असतो. जुने फर्निचर विकायला काढणाऱ्यांची फसवणूक याच एका गैरसमजावर चालली. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवरून पैशाची 'मागणी' पाठवण्याची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली, ती उगीच नव्हे.

याहून अवघड प्रकार एपीके फायलींचा. वाहनाचे चलान, लग्नाची पत्रिका, वीजबिल अशा नावाची एक फाइल व्हॉट्‌सॲपवर येते, बहुधा एखाद्या परिचिताच्याच क्रमांकावरून, कारण त्याचा फोन आधीच लुटारूंच्या ताब्यात गेलेला असतो. पत्रिका म्हणजे चित्र किंवा कागद. ती वाचण्यासाठी फोनमध्ये काही बसवावे लागत नाही. एपीके हे मात्र चालणारे यंत्र आहे. ते बसवले आणि त्याला संदेश वाचण्याची परवानगी दिली, की ओटीपी कोणी सांगावाही लागत नाही. तो परस्पर जातो. अँड्रॉइड फोन अशा वेळी 'अज्ञात ठिकाणाहून आलेले ॲप बसवायचे काय?' असे विचारतो. तो प्रश्न इंग्रजीत असतो आणि घाईत असलेला माणूस 'होय' दाबून मोकळा होतो. फोनची भाषा मराठी करून ठेवणे, हा एक अगदी साधा आणि म्हणूनच दुर्लक्षित उपाय आहे. पडद्यावरचे सर्व काही दुसऱ्याला दिसू देणारी ॲप्सही याच जातीची. 'मदत करतो' म्हणणाऱ्या अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून ती कधीच बसवू नयेत. नोव्हेंबरमध्ये निवृत्तांनी विशेष जपावे. हयातीच्या दाखल्याचा तो महिना आणि 'दाखला घरबसल्या करून देतो' म्हणणाऱ्यांचाही.

आणखी एक व्यवस्था घरात सहज करता येते. निवृत्तिवेतन आणि ठेवी ज्या खात्यात आहेत, ते खाते यूपीआयला जोडूच नये. रोजच्या खर्चापुरती रक्कम ठेवलेले दुसरे खाते जोडावे. पाकीट मारले गेले तरी तिजोरी शाबूत राहते. कार्डाचे परदेशी व्यवहार बंद ठेवण्याची आणि मर्यादा घालण्याची सोय बँकांनी द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश २०२० पासूनचा आहे. ती सोय वापरणारे किती भेटतात? बँकांनी आपल्या संकेतस्थळांची नावे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाची करावीत, अशीही योजना झाली; सेवाविषयक दूरध्वनी १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत, असेही ठरले. खरे-खोटे ओळखण्याची इतकी सोपी खूण क्वचितच मिळते. ती शाखेच्या दारावर मोठ्या मराठी अक्षरांत रंगवायला फार खर्च येणार नाही. कर्जाच्या जाहिराती रंगवायला तो येतोच.

येथवर नागरिकाचे कर्तव्य झाले. पण सगळा भार त्याच्यावरच टाकून बँका आणि सरकार मोकळे होऊ पाहतात, हा या प्रकरणातील खरा वादाचा मुद्दा आहे. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने जबाबदारीची वाटणी केली. बँकेची चूक असेल तर ग्राहकाला तोशीस नाही. दोष दोघांचाही नसेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तरीही नाही. मात्र ओटीपीसारखी गुप्त माहिती देऊन ग्राहकाने निष्काळजीपणा केला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे संपूर्ण नुकसान त्याचे. ऐकायला हे न्याय्य वाटते. परंतु आजच्या लुटीत कुलूप फोडले जात नाही, मालकाकडूनच उघडवून घेतले जाते. दडपणाखाली, दिवसभर कॅमेऱ्यासमोर बसवलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने पाठवलेली रक्कम 'निष्काळजीपणा' म्हणायची काय? मानेवर सुरी ठेवून घेतलेल्या सहीला कायदा सही मानीत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यवहारांच्या पडताळणीचे नवे निर्देश काढले आणि ते १ एप्रिल २०२६ पासून लागू करण्याचे ठरवले. ते न पाळल्याने ग्राहकाचे नुकसान झाले, तर बँकेने ते पूर्ण भरून द्यावे, असे त्यांत म्हटले आहे. पाऊल स्वागतार्ह आहे. पण नियम तंतोतंत पाळूनही पैसे गेले, तर त्या वाक्याचा उपयोग नाही.

शिवाय निष्काळजीपणाचा निकष बँकांनाही लावून पाहावा. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत ऑगस्ट २०१८ मध्ये शिरकाव करून चोरांनी दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये पळवले. २८ देशांतील एटीएममधून पैसे निघत होते. तज्ज्ञ नोकरीस ठेवू शकणाऱ्या, शतकाहून जुन्या संस्थेची ही गत होऊ शकते, तर माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षकाने आपल्या फोनचे रक्षण एकट्याने करावे, ही अपेक्षा कितपत व्यवहार्य आहे?

आणि चोरीचा पैसा जातो कोठे? तो बँकांतच जातो. दुसऱ्याच्या नावाच्या, कमिशनवर घेतलेल्या खात्यांतून तो काही मिनिटांत दहा ठिकाणी विखुरला जातो. खाते वापरू दिल्याबद्दल चारदोन हजार मिळतात म्हणून महाविद्यालयीन मुले आपले पासबुक आणि सिमकार्ड देतात. पोलीस दारात येतात तेव्हा मूळ लुटारू परदेशात आणि खातेदार हवालातीत असतो. 'मला माहीत नव्हते' हा बचाव तेथे फारसा चालत नाही. विद्यार्थ्यांना हे शाळा-महाविद्यालयांतून सांगितले गेले पाहिजे. पण वर्षभर चारशे रुपयांच्या वर न गेलेल्या खात्यात एका दुपारी चाळीस लाख येतात आणि लगेच निघून जातात, हे बँकेच्या संगणकाला दिसत नसेल, असे कोणी सांगू नये. तोच संगणक किमान शिलकीत पन्नास रुपये कमी पडले तर दंड बिनचूक कापतो.

पैसे गेल्याचे ध्यानात येताच १९३० या क्रमांकावर फोन करावा, मग आपल्या बँकेला कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी गोठवता आली तरच काही हाती लागते, म्हणून लाजेने दोन दिवस गप्प बसणे सर्वांत महाग पडते. घरातल्या माणसांनीही पहिल्या तासात दोष देऊ नये, फोन लावावा.

मात्र त्या फोनच्या आधीचा एक तास बँकेच्या हातात असतो. साठीच्या पुढील खातेदाराने मोडलेल्या ठेवीची मोठी रक्कम प्रथमच एखाद्या अपरिचित खात्याकडे निघाली, तर ती काही तास थांबवून ठेवावी, आणि खातेदाराने आधीच नेमून दिलेल्या नातेवाइकाला कळवावे, एवढी व्यवस्था करायला कोणते तंत्रज्ञान अपुरे पडते? व्यवहाराचा वेग थोडा कमी होईल, हा आक्षेप घेतला जाईल. आयुष्यभराची पुंजी दुपारी तीनऐवजी रात्री नऊला पोहोचली म्हणून कोणत्याही प्रामाणिक खातेदाराचे नुकसान झाल्याचे ऐकिवात नाही.