गर्दीतल्या माणसाची बाजू

यंदाचा दिवाळी अंक प्रवासाचा करायचं ठरलं, तसं लेखकांना कळवलं आणि पहिला पाऊस पडायच्या आत लेख यायला लागले. लेख चांगले होते. पण एकामागून एक वाचत गेलो तसा त्यांचा एक ठेका जाणवू लागला. बहुतेकांच्या सुरुवातीलाच ते वाक्य येई : पर्यटकांची वर्दळ नसलेलं, अजून फारसं कुणाला ठाऊक नसलेलं, सहल कंपन्या जिथे फिरकत नाहीत असं. कुणी जॉर्जियातलं डोंगरातलं खेडं गाठलेलं, कुणी व्हिएतनामच्या उत्तरेची दरी, तर कुणी आपल्याच कोकणातली एखादी पुळण. आणि लेखाच्या शेवटी न चुकता चौकट : कसे जाल, कुठे राहाल, काय खाल. जागा कुणाला ठाऊक नाही म्हणून छान, आणि छान आहे म्हणून ती सगळ्यांना ठाऊक करून द्यायची, असा हा मामला.

त्या चौकटी आम्ही काढून टाकल्या. दोघा-तिघांचा रुसवा अजून गेलेला नाही. त्यांना फोनवर जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर.

हल्ली सुशिक्षित मराठी घरांत प्रवासाचं एक नवं सोवळं आलं आहे. आपण आपलं आपण आखून जातो, लोकांसारखे बसमधून हिंडत नाही, याचा अभिमान. ग्रुप टूरने जाणारा माणूस हा चेष्टेचा विषय. त्याच्या डोक्यावर सगळ्यांसारखीच टोपी, पाठीवरच्या पिशवीत चिवडा नि चकल्या, पुढे झेंडा घेतलेला टूर मॅनेजर, आणि रात्री हॉटेलवर वरण-भात मिळणार की नाही याची चिंता. आता आम्ही विचारतो, यात वाईट काय आहे? आयुष्यभर शाळेत मुलं सांभाळलेली बाई निवृत्तीनंतर पासपोर्ट काढते आणि मैत्रिणीबरोबर पॅरिसला जाते, ती कुणाच्या भरवशावर? मुलगा अमेरिकेत, नवरा हयात नाही, इंग्रजी कामापुरतं. झेंडा धरणारा तो पोरगा नसता, तर तिची धाव चारधामच्या पुढे गेली नसती.

ही कुचेष्टाही नवी नाही. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक यांनी लेस्टरहून लफबरोला दारूबंदीच्या मेळाव्यासाठी माणसं रेल्वेने नेली. सुमारे पाचशे माणसं, भाडं एक शिलिंग. तिथून हा धंदा वाढत वाढत आल्प्स ओलांडून इटलीत गेला, तेव्हा तिथल्या ब्रिटिश वकिलातीत असलेल्या चार्ल्स लीव्हर या कादंबरीकाराला ते बघवेना. ऑस्ट्रेलिया आता आपले कैदी घेत नाही, म्हणून ही मंडळी सहलीच्या नावाखाली इटलीत सोडलेली दिसतात, असली टवाळी त्याने १८६५ च्या सुमारास छापून आणली. इटली बघण्याचा हक्क तोवर खानदानी तरुणांचा होता. कुकच्या मागून कारकून आले, शिक्षक आले, एकट्या-दुकट्या बायका आल्या. लीव्हरचं दुखणं त्यातच होतं.

आणि आपण तरी एकटे कधी हिंडलो? काशीयात्रेला माणसं सोबत बघूनच निघत. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घराबाहेर पडले ते मथुरेला बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून, काकांच्या सोबतीने; बंडाच्या धुमाळीत सापडले हे त्यांचं नशीब. क्षेत्राच्या ठिकाणी उपाध्ये उतरवून घेत, काय बघायचं, कुठे नमस्कार करायचा, कुठे काय ठेवायचं ते सांगत, वर चोपडीत नाव लिहून ठेवत. टूर मॅनेजर चोपडीत नाव लिहीत नाही, एवढाच फरक.

मुद्दा गर्दीचा आहे, आणि तो खोटा नाही. १९५० साली जगभरात मिळून परदेश सहलींचा आकडा अडीच कोटींच्या आसपास होता. २०२४ मध्ये तो १४० कोटींवर गेला. पण एवढी माणसं कुठे जातात, यावर सगळं अवलंबून आहे. स्वित्झर्लंडच्या युंगफ्राउयोखवर, ३४५४ मीटर उंचीवर, भारतीय जेवणाचं उपाहारगृह आहे, म्हणून आपल्याकडचे रसिक नाक मुरडतात. अहो, पण ती जागाच माणसांनी तिथे यावं म्हणून केलेली आहे! आयगर आणि म्योंख या दोन डोंगरांच्या पोटातून सात किलोमीटरहून लांब बोगदा सोळा वर्षं खणून १९१२ साली तिथे रेल्वे नेली, ती काय ध्यानधारणेसाठी? आयफेल टॉवर १८८९ च्या प्रदर्शनासाठी, लोकांनी बघावा म्हणूनच उभारला. अशा जागा गर्दी रिचवतात. आणखी चाळीस मराठी माणसं आली म्हणून त्यांचं काही बिघडत नाही.

बिघडतं ते लहान जागांचं. ऑस्ट्रियातलं हालश्टाट हे तळ्याकाठचं गाव. वस्ती हजाराच्याही आत. गावामागच्या डोंगरात मिठाची प्राचीन खाण. या गावाला मोसमात एकेका दिवशी दहा-दहा हजार माणसं येऊ लागली. चीनमध्ये २०१२ साली या गावाची हुबेहूब नक्कल बांधली, तरी अस्सल गावची गर्दी हटली नाही, उलट वाढली. २०२३ मध्ये गावाने फोटो काढायच्या मोक्याच्या ठिकाणी लाकडी कुंपण घातलं, म्हणजे तळं आणि डोंगर दिसूच नयेत. ओरड झाल्यावर ते काढावं लागलं. स्वित्झर्लंडमधल्या इझेल्टवाल्डची गत तशीच. कोरियन मालिकेतला नायक तिथल्या धक्क्यावर पियानो वाजवतो, एवढ्यावर जग लोटलं. चारशेएक वस्तीच्या गावाने धक्क्यावर फिरतं फाटक बसवून पाच फ्रँक घ्यायला सुरुवात केली. जपानमध्ये फुजिकावागुचिको इथे एका साध्या किराणा दुकानाच्या डोक्यावर फुजी पर्वत टेकल्यासारखा दिसतो. तो फोटो पसरला आणि लोक रस्ता ओलांडताना गाड्यांखाली यायचे बाकी राहिले. २०२४ च्या मे महिन्यात गावाने वीस मीटर लांब आणि अडीच मीटर उंच काळा पडदा लावून पर्वतच झाकला. थोड्याच दिवसांत लोकांनी त्या पडद्याला मोबाइलच्या भिंगापुरती भोकं पाडली.

या तिन्ही ठिकाणी पहिली माणसं कोण गेली असतील? बसमधली नव्हेत. वर्दळ नसलेलं काही शोधत गेलेली, परत येऊन कौतुकाने चार लोकांना सांगणारी. बस मागाहून येते.

काही जागांना तर गर्दीचा पाय नव्हे, नुसता श्वास पुरतो. फ्रान्समधल्या लास्को गुहेतली चित्रं सतरा हजार वर्षं टिकली. १९४० मध्ये ती सापडली, १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली आणि १९६३ मध्ये गुहा बंद करावी लागली, कारण दिवसाला हजारावर माणसांच्या उच्छ्वासाने भिंतींवर शेवाळ चढलं होतं. फ्रेंचांनी शेजारी प्रतिकृती बांधली, पुढे आणखी मोठी बांधली, आणि लोक तिकीट काढून ती बघतात. आपल्या अजिंठ्याला एकावेळी मोजकी माणसं आत सोडतात, मंद दिवे ठेवतात, ते यासाठीच. तिथेही पायथ्याशी गुहांच्या प्रतिकृती असलेलं केंद्र २०१३ साली उघडलं होतं. पुढे ते बंद पडलं. चांगली कल्पना होती. बिलं कुणी भरायची, इथे आपल्या चांगल्या कल्पना अडतात.

इथे एक हरकत येईल आणि ती रास्त आहे. कोकणातल्या ज्या पुळणीची चौकट आम्ही काढली, तिथल्या बाईने घरात दोन खोल्या वाढवून न्याहारी-निवास सुरू केलं असेल, तर तिची गिऱ्हाइकं बुडवणारे आम्ही कोण? मुंबई-पुण्यात बसून दुसऱ्याच्या गावाची शांतता जपणं सोपं असतं. यावर आमच्याकडे पक्कं उत्तर नाही. त्या लेखकाशी बोलून एवढंच ठरवलं, की लेख राहील, गावाचं नाव जाईल. जिल्ह्यातले वाचक वर्णनावरून ओळखतीलच. त्यांनी खुशाल जावं, ते मासे खायला जातील, फोटो काढायला नव्हे.

मग प्रसिद्ध ठिकाणांबद्दल नवं काय सांगायचं राहिलं? पुष्कळ राहिलं आहे. पॅरिसच्या लूव्ह्रमधलंच घ्या. २०२४ मध्ये तिथे ८७ लाख माणसं येऊन गेली. २०२५ च्या जूनमध्ये गर्दीला कंटाळून तिथल्या कर्मचाऱ्यांनी एक दिवस कामच थांबवलं. ही सारी झुंबड मोनालिसाच्या दालनात. चित्र हातरुमालाहून थोडं मोठं, जाड काचेमागे. ओळीने पुढे सरकायचं, मोबाइल वर करायचा, रखवालदार हाकलतो तसं बाजूला व्हायचं. आणि या सगळ्यांची पाठ ज्या भिंतीकडे, तिथे जवळपास दहा मीटर रुंदीचं, सात मीटर उंचीचं चित्र टांगलेलं आहे : पाओलो व्हेरोनेझेने १५६३ मध्ये पुरं केलेलं काना गावातलं लग्न. ऐन पंगतीत दारू संपते आणि येशू पाण्याची दारू करतो, ती गोष्ट. आपल्याकडे शेवटच्या पंगतीला जिलबी कमी पडावी आणि मांडवात कुजबुज सुरू व्हावी, तसं दृश्य आहे. शंभराहून जास्त माणसं. मध्यभागी येशू, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही. समोर वादक बसले आहेत. पांढऱ्या झग्यातला तो खुद्द चित्रकार, असं मानतात. त्यांच्या टेबलावर वाळूचं घड्याळ. उजव्या हाताला एक नोकर रांजणातून ओततो आहे आणि त्याच्याजवळ एक मांजर दुसऱ्या रांजणाला नख लावतं आहे. वरच्या सज्जात कुणी मांस तोडतो आहे, बरोबर येशूच्या डोक्यावर. ज्याला बायबल ठाऊक आहे त्याला त्यातलं पुढचं कळतं. नसलं तरी मांजर कळतं. हे चित्र नेपोलियनच्या सैन्याने १७९७ मध्ये व्हेनिसच्या एका मठातून उचलून आणलं, हेही त्याच भिंतीसमोर उभं राहून आठवण्यासारखं आहे.

याच अंकातला अंगकोर वाटवरचा लेख आम्हाला याच कारणाने आवडला. कंबोडियातलं हे देऊळ पश्चिमाभिमुख, त्यामुळे सूर्य देवळाच्या मागून वर येतो. पहाटे पाचपासून तळ्याकाठी माणसांची दाटी, पाण्यात शिखरांचं प्रतिबिंब, खटाखट फोटो. सूर्य वर आला की मंडळी न्याहारीला सिएम रीपला परत. लेखिका तिथेच थांबली आणि पूर्वेच्या ओवरीत, दक्षिण अंगाला गेली. तिथे दगडात समुद्रमंथन आहे, जवळजवळ पन्नास मीटर लांब. एका बाजूला ९२ असुर, दुसरीकडे ८८ देव, हातात वासुकी, मधोमध विष्णू, त्याच्या खाली कूर्म. रवीच्या जवळचे मासे आणि मगरी घुसळणीने तुटून गेलेल्या, लांबच्या मात्र अखंड. बाराव्या शतकातल्या त्या कारागिराने हा हिशेब ठेवला आहे. वासुकीच्या शेपटीकडे एक वानर हात लावायला आलं आहे, त्याला हनुमान म्हणतात. समुद्रमंथनात हनुमान कुठला, असा प्रश्न लेखिकेच्या सासूबाईंना तिथेच पडला आणि त्यांनी गाइडला तो विचारला. गाइडचं उत्तर लेखातच वाचा. सासूबाई ग्रुप टूरने गेल्या होत्या, हे सांगायला हवं.

गडकोटांवरच्या विभागाबद्दल थोडं. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं : आपल्याकडचे अकरा, शिवाय तमिळनाडूतला जिंजी. आनंद झालाच. पण साल्हेर किंवा राजगड म्हणजे रेल्वेचा बोगदा खणून तयार केलेली जागा नव्हे. राजगडाच्या चोरदरवाज्याच्या वाटेने एकावेळी एकच माणूस चढतो किंवा उतरतो, आणि पावसाळ्यातल्या रविवारी दोन्हीकडून माणसं येतात. या विभागातल्या लेखकांना आम्ही विनंती केली, की गडाची माहिती द्या, रविवारचं आमंत्रण देऊ नका. बहुतेकांनी ऐकलं. एकाने पौर्णिमेच्या रात्रीचं आमंत्रण दिलं. ते कात्रीतून सुटलं आहे.

आता हिशेबाचं. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून हे सारं जाहिरातींच्या आधारावर चालत आलं आहे आणि आम्हीही त्याला अपवाद नाही. समुद्रमंथनाचा फोटो जोडपानावर, रंगीत छापता आला तो पाठपृष्ठामुळे. तिथे बारा दिवसांत सात देशांच्या सहलीची जाहिरात आहे, जेवण भारतीय, टूर मॅनेजर मराठी.