अर्जात न मावलेला भाऊ

आई गेली तेव्हा माझा धाकटा भाऊ 44 वर्षांचा होता. जन्मापासून बौद्धिक दिव्यांग, प्रमाणपत्रावर 75 टक्के. मी सांगलीत दोन खोल्यांत राहते, दिवसभर नोकरी. शेवटी एका निवासी संस्थेचा चार पानी अर्ज भरला. बुद्ध्यांक किती, फिट्स येतात का, स्वतः संडासला जातो का, आक्रमक आहे का. सगळं खरं लिहिलं. वाचून पाहिलं तर त्यात माझा भाऊ कुठेच नव्हता.

तो पहाटे पाचला उठून दुधाच्या पिशव्या मोजून घेतो. चपातीचे चार तुकडे करून दिल्याशिवाय ताटाला हात लावत नाही. आणि कुकरची शिट्टी त्याला सोसत नाही. आईच्या घरी पहिली शिट्टी झाली की कानांवर हात ठेवून तो अंगणात जायचा, पेरूच्या झाडाखाली उभा राहायचा, गॅस बंद झाला की आपणहून आत यायचा. चाळीस वर्षं हे चाललं होतं, कुणाला त्यात विशेष काही वाटलं नाही.

संस्थेत त्याला स्वयंपाकघराशेजारची खोली मिळाली. तिथे रोज सकाळी तीन मोठे कुकर लागायचे. तो गेटबाहेर गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. नोंदवहीत ‘पळून जातो’ असं लिहिलं गेलं आणि दाराला बाहेरून कडी लागली. तो दारावर धडका मारू लागला, मग ‘आक्रमक’ ठरला, मग गोळी सुरू झाली. आठव्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा जीभ इतकी जड होती की त्याला ‘ताई’सुद्धा म्हणता येईना.

तिथली माणसं वाईट नव्हती. शिट्टीचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही, कारण अर्जात तो प्रश्न नव्हता. मागल्या बाजूची खोली मिळाल्यावर धडका थांबल्या. डॉक्टरांनी गोळी हळूहळू बंद केली.

नंतर मी आणखी चार ठिकाणं पाहिली. कोण कुणाच्या खोलीत राहणार, हे सगळीकडे रिकामी खाट बघून ठरत होतं. कुणाला दिवा लागतो, कुणाला अंधारच हवा असतो. एवढंही न विचारता दोन माणसांना जन्मभर एका खोलीत कसं ठेवता येतं? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 5 नुसार कुणावर ठरावीक निवासव्यवस्थेची सक्ती होऊ नये, यासाठी सरकारने प्रयत्न करायचे आहेत. ते खरं व्हायचं तर प्रवेशाआधी कार्यकर्त्याने घरी येऊन दोन-तीन दिवस त्या माणसाचा दिनक्रम पाहिला पाहिजे, आणि त्या कामाचा पगार अनुदानात धरला पाहिजे.

आणि त्यालाही विचारलं पाहिजे. ‘कुठे राहशील?’ म्हटलं तर माझा भाऊ गप्प बसतो. पण दोन खोल्या दाखवल्या, तर ज्या खिडकीतून एसटी दिसते तिथे जाऊन बसतो. ते त्याचं उत्तरच आहे.

ज्यांच्या घरी असा भाऊ, बहीण, मूल आहे त्यांनी एक वही आजच सुरू करावी. काय आवडतं, कशाची भीती वाटते, झोप कशी लागते, सगळं आईवडील आहेत तोवर त्यांना विचारून लिहावं. आईच्या माघारी मला पहिली सहा पानं भरायलाच तीन महिने लागले.