विजेच्या वेळेला भाव आला, छोट्यांच्या वेळेलाही येऊ द्या

व्यापारात वेळेला भाव असतो, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. सकाळी मंडईत ज्या भाजीसाठी गिऱ्हाईक घासाघीस करते, तीच भाजी संध्याकाळी मिळेल त्या भावाने जाते. ईदच्या आधी पंधरा दिवस जो माल दुकानदार हातचा सोडत नाही, तोच ईदनंतर सूट लावून काढावा लागतो. वीज मात्र आजवर आपल्याला एकाच भावाची वस्तू वाटत आली. महिन्याचे युनिट, युनिटचा दर, त्याचा गुणाकार आणि वर आकार-अधिभार, एवढाच आपला हिशोब. हा हिशोब आता बदलला आहे. युनिट किती वाजता वापरले, हेही बिलात मोजले जाऊ लागले आहे. आपल्या कारखानदार, कारीगर आणि दुकानदार बांधवांनी यावर वेळीच विचार करावा, म्हणून हा लेख.

नवे काय घडले?

केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीजग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार १० किलोवॅटपेक्षा जास्त मागणी असलेल्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून आणि शेती सोडून बाकीच्या ग्राहकांना १ एप्रिल २०२५ पासून वेळेनुसार दर लावायचे ठरले. सूर्यप्रकाशाच्या आठ तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी असावा आणि जास्त मागणीच्या तासांत उद्योग-व्यापाराला तो किमान २० टक्के जास्त असावा, असा हा नियम आहे. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाच्या २०२५ च्या आदेशांत सकाळी ९ ते सायंकाळी ५ हे स्वस्ताईचे तास ठरले आणि उद्योगांसाठी सायंकाळी ५ ते मध्यरात्र हे महागाईचे. वेळ नोंदवणारे नवे मीटर ज्या घरांत बसले, त्यांना दिवसाच्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत १ जुलै २०२५ पासून मिळेल, असे महावितरणने त्या वेळी जाहीर केले. आकडे आदेशागणिक बदलतात, म्हणून आपला आकडा आपल्या ताज्या बिलावरच पाहावा. दिशा मात्र ठरलेली आहे.

कारण सरळ आहे. कापडाचा तागा गोदामात ठेवता येतो, वीज तशी ठेवता येत नाही. जेव्हा लागते तेव्हाच ती तयार करावी लागते. साठवायचीच झाली तर मोठा खटाटोप करावा लागतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील घाटघरला २५० मेगावॅटचा असाच प्रकल्प आहे. तिथे वीज स्वस्त असताना पाणी वरच्या धरणात चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. पण असे प्रकल्प मोजके आहेत. आता दुपारी सौरवीज भरपूर येते आणि सूर्य मावळताच घराघरांत दिवे, पंखे, मोटारी सुरू होतात. देशाच्या वीजबाजारात भाव दर पंधरा मिनिटांनी ठरतो, म्हणजे दिवसाला ९६ भाव. दुपारी तो उतरतो, सायंकाळनंतर चढतो आणि टंचाईत १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. तेव्हा ग्राहकाने आपला वापर महाग तासांतून स्वस्त तासांत न्यावा, अशी सरकारची अपेक्षा आहे.

हे तत्त्व नवे नाही

महाराष्ट्रात मोठ्या उद्योगांना वेळेनुसार दर गेली पंचवीस वर्षे माहीत आहेत. अनेक वर्षे हिशोब असा होता: सकाळी ९ ते १२ युनिटमागे ८० पैसे जास्त, सायंकाळी ६ ते १० एक रुपया दहा पैसे जास्त आणि रात्री १० ते सकाळी ६ दीड रुपया कमी. ज्यांच्या बिलावर ए, बी, सी, डी असे चार झोन छापून येत, त्यांना हे पाठ असेल. तीस हॉर्सपॉवरचा भार पूर्ण चालला तर चार तासांत साधारण ९० युनिट लागतात. ते सायंकाळऐवजी रात्री वापरले, तर जुन्या दराने रोज २३४ रुपयांचा फरक पडे. पंचवीस दिवसांचे झाले ५,८५० रुपये. हा फरक पाहूनच अनेकांनी रात्रपाळी धरली.

आता सवलत रात्रीकडून दिवसाकडे आली. ज्याने वीस वर्षे धंद्याची घडी रात्रीवर बसवली, त्याला ती मोडावी लागणार. ज्याचे काम दिवसाचेच आहे, त्याला फायदा होणार. माणसाच्या तब्येतीला दिवसाचे काम बरे, हेही खरे. पण घडी मोडण्याचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न उरतो.

आजवर वेळ कोणी बदलली?

आमचा खरा मुद्दा इथे आहे. विजेच्या सोयीसाठी वेळ बदलणे ही गोष्ट आपल्याकडे छोट्या माणसाने फार पूर्वीपासून केली आहे, पण त्याला त्याचा मोबदला कधी मिळाला नाही.

आम्ही राहू परिसरात कापड विकतो. दौंड आणि शिरूर तालुक्यांतला हा भीमा आणि मुळा-मुठेच्या काठचा उसाचा आणि गुऱ्हाळांचा मुलूख. इथल्या शेतीपंपाला वीज कशी मिळाली? आलटून पालटून, कधी दिवसा आठ तास, कधी रात्री. शहरे आणि कारखाने दिवसा वीज वापरत आणि शेतकरी रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला जात असे. त्याच उसात आता बिबट्याने घर केले आहे. शिरूर-दौंड पट्ट्यात रात्रीचे पाणी देणे म्हणजे जिवाशी खेळ झाला आहे. शेतीची वीज सवलतीची होती हे मान्य. पण ती सवलत दिवसा पंप चालवणाऱ्यालाही तेवढीच होती. रात्रीच्या जागरणाचा आणि जोखमीचा वेगळा एक पैसा कोणत्याही बिलात कधी जमा झाला नाही.

आता दुसरे उदाहरण पाहा. २००६ साली राज्यात भारनियमन जोरात असताना पुणे शहरासाठी एक योजना झाली. तुटवड्याच्या तासांत मोठ्या कारखान्यांनी आपले डिझेल जनरेटर चालवायचे, वाचलेली वीज शहराला द्यायची आणि डिझेलचा वाढीव खर्च शहरातील ग्राहकांनी जादा आकार देऊन भरायचा. योजना चांगली होती. शहराचे भारनियमन टळले. कारखान्याने सोय केली, कारखान्याला मोबदला मिळाला. इन्साफ याला म्हणतात. पण त्याच काळात त्याच जिल्ह्यातला राहूबेटातला शेतकरी रात्र जागत होता आणि आमच्यासारखे दुकानदार भारनियमनात मेणबत्तीवर थान मोजत होते. आमच्याकडून वाचलेल्या विजेचा हिशोब कुणी मांडला नाही. मोठ्याने वीज सोडली तर तो सौदा ठरतो आणि छोट्याकडून काढून घेतली तर तो नाइलाज ठरतो, असा हा फरक आहे.

नव्या पद्धतीत वेळेला भाव आलाच आहे, तर हा फरक मिटवण्याची संधीही आली आहे.

कोणाला जमेल, कोणाला जमणार नाही

रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींतल्या मोठ्या कारखान्यांकडे बिल वाचणारा इंजिनिअर असतो. दर बदलला की तो पाळ्या बदलतो, छपरावर सौर पॅनेल टाकतो. पिठाची गिरणी, मसाल्याची चक्की, सुताराचे रंधा मशीन, बर्फाचा कारखाना यांनाही काम दुपारी ओढून घेणे बरेचसे जमेल. बर्फ तर दुपारी करून रात्री विकता येतो.

यंत्रमागाचे मात्र तसे नाही. भिवंडी आणि मालेगावला माग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात. सायंकाळी ५ ते मध्यरात्र असे सात तास वीज महाग म्हणून माग बंद ठेवला, तर मालकाचे बिल वाचेल, पण मजुराची मजुरी त्याहून जास्त बुडेल. कारण त्याला पैसे विणलेल्या कापडावर मिळतात. माग चालू ठेवला तर वाढीव दर कापडाच्या भावात घालावा लागेल आणि बाहेरच्या मालापुढे ते कापड टिकणार नाही. दोन्हीकडून मार कारीगरालाच.

दुकानदाराचेही पाहा. रमजानमध्ये कापडबाजार इफ्तारनंतर उघडतो आणि तरावीहनंतर भरतो. दिवाळीतही गर्दी दिवेलागणीलाच होते. ज्यांचा भार १० किलोवॅटच्या वर आहे, त्या मोठ्या दुकानांचा धंदा नेमका महाग तासांत येतो. गिऱ्हाईकाला ‘दुपारी दोनला या’ असे सांगता येत नाही. ईदच्या तोंडावर शिलाई करणारा कारीगर पहाटेपर्यंत मशीनवर असतो, त्यालाही वेळ निवडण्याची मुभा नसते.

घरात मशीन टाकून शिवणकाम करणाऱ्या बहिणींना थोडा फायदा आहे. इस्त्रीचे काम दुपारी उरकावे. हजार वॅटची इस्त्री दिवसाला चार तास चालली तर जास्तीत जास्त चार युनिट. ८० पैशांनी सव्वातीन रुपये, महिन्याचे ऐंशी. नाही म्हणायला ठीक, पण एवढ्यावर कोणाचे घर चालत नाही. छोट्याचा वापरच थोडा, म्हणून त्याची बचतही थोडी. भरपूर बचत ज्याचा वापर भरपूर त्यालाच, हा या पद्धतीचा स्वभाव आहे आणि तो ओळखूनच मागण्या केल्या पाहिजेत.

परदेशातून दोन धडे

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात काही ग्राहकांनी बाजारातला भाव थेट आपल्या बिलाला लावून घेतला होता. एरवी तो स्वस्त पडे. फेब्रुवारी २०२१ मध्ये बर्फाचे वादळ आले, वीजकेंद्रे बंद पडली आणि घाऊक भाव युनिटला ९ डॉलरवर गेला. काही दिवसांत साध्या घरांना हजारो डॉलरची बिले आली. भाव आधी ठाऊक नसताना माल उचलण्याचा हा परिणाम.

फ्रान्समध्ये याउलट एक शहाणी योजना आहे. वर्षाचे दिवस तीन रंगांत वाटले आहेत. ३०० निळे म्हणजे स्वस्त, ४३ पांढरे म्हणजे मध्यम आणि २२ लाल म्हणजे फार महाग. उद्याचा रंग कोणता, हे आदल्या दिवशी कळते. ही योजना घ्यायची की साधा दर ठेवायचा, हे ग्राहक ठरवतो. भाव आधी कळणे आणि निवडीची मुभा असणे, सौद्याच्या या दोन्ही अटी तिथे पाळल्या जातात.

मागायचे काय आणि करायचे काय

आयोग दर ठरवण्यापूर्वी जाहीर सुनावणी घेतो. हरकती कोणीही ग्राहक लेखी देऊ शकतो. मोठ्या उद्योगांच्या संघटना तिथे वकील घेऊन हजर असतात. आपल्या बाजारपेठांच्या संघटना सहसा दिसत नाहीत. मग निकाल आपल्या बाजूने लागत नाही म्हणून रडून उपयोग नाही. आमच्या मते मागण्या चार असाव्यात.

पहिली, छोट्या भाराच्या कारीगराला व दुकानदाराला साधा दर की वेळेचा दर, ही निवड मिळावी. दुसरी, वेळेचे तास आणि दर किमान वर्षभर स्थिर राहावेत आणि बिलावर मराठीत, ठळक अक्षरांत तासवार वापर छापावा. तिसरी, ज्या धंद्याला तास बदलणे शक्य नाही, जसे यंत्रमाग, त्याला छपरावरची सौरवीज आणि सायंकाळसाठी बॅटरी यांकरिता स्वस्त कर्ज मिळावे आणि दहा-वीस कारखानदारांनी मिळून ती उभारली तरी चालावी. चौथी, शेतकऱ्याला वीज दिवसाच मिळावी. राळेगणसिद्धीला सौर कृषी वाहिनीचा पहिला प्रकल्प झाला, आता राज्यभर सुमारे १६ हजार मेगावॅटचे असे प्रकल्प उभारण्याचे काम चालू आहे. आपल्या भागातला प्रकल्प कुठवर आला, हे ग्रामसभेत विचारले पाहिजे. शेतकऱ्याची रात्र सुटली तर त्याच्या हातात पैसा राहतो आणि आमची दुकाने त्याच पैशावर चालतात.

तोवर आपल्या हातातले करावे. गेल्या सहा महिन्यांची बिले काढून कोणत्या तासाला किती युनिट गेले ते मांडावे. मंजूर भार आणि प्रत्यक्ष मागणी यांचा ताळा घ्यावा. हलवता येणारे काम दिवसावर आणावे. मालकाने रात्रपाळी दिवसावर आणली, तर बिलात वाचलेल्या पैशांतला काही हिस्सा मजुरालाही द्यावा, कारण वेळ त्यानेही बदललेली असते. जे आम्ही महावितरणकडे मागतो, ते आपल्या कारखान्यात आधी द्यायला हवे.